न आटणारं तेल

घरात झाकण असलेलं भांडं दिसलं, की थोरल्या सुनेचा हात आधी त्या झाकणाकडे जायचा. लग्न होऊन आली त्या पहिल्याच आठवड्यात सासूबाईंनी हे हेरलं. पिठाचा डबा, साखरेची बरणी, डिझेलचा कॅन, न्हाणीघरातली साबणाची पेटी. येता-जाता ती उघडून बघायची, स्वतःशीच मान हलवायची आणि झाकण लावून पुढे जायची.

"काय गं, चोर शोधतेस की उंदीर?" सासूबाईंनी एकदा विचारलं.

"काहीच नाही शोधत. संपायच्या आधी कळलेलं बरं."

सासूबाईंना उत्तर पटलं, सवय मात्र आवडली नाही. त्यांच्या मते सुनेनं भांडं रिकामं झालं की ओरडावं, म्हणजे सासूला काहीतरी काम राहतं.

घर साधंच होतं. पुढे सासऱ्यांची खोली, मधे दोन सुनांच्या खोल्या, मागे लांबट स्वयंपाकघर. स्वयंपाकघराच्या भिंतीला लागूनच पत्र्याची शेड आणि शेडमध्ये ट्रॅक्टर. ओट्यासमोरच्या खिडकीतून त्याचं नाक दिसायचं. सकाळी धाकटा दीर किल्ली फिरवायचा तेव्हा ओट्यावरचे चमचे थरथरायचे. पोराच्या खोकल्यावरून आईला जसं कळतं आज शाळा की औषध, तसं थोरलीला त्या आवाजावरून कळायचं, आज गाडी खुशीत आहे की नाही. हे ती कुणाला सांगत नसे. सांगितलं असतं तर जाऊबाई म्हणाली असती, "आता ट्रॅक्टरला दृष्टही काढा."

ट्रॅक्टर सासऱ्यांनी घेतलेला, तोही जुना. कष्टाचा जीव होता. त्यावरचं तास मोजायचं मीटर केव्हाच बंद पडलं होतं. इंजिन किती तास चाललं ते दाखवणारे आकडे एका जागी रुतून बसले होते आणि धाकटा ते प्रत्येक नव्या माणसाला कौतुकानं दाखवायचा. "बघा, आमच्या गाडीचं वयच वाढत नाही!" हसायला त्याला कारण लागत नसे. गडी दिलदार, कामाला वाघ, पण यंत्राच्या पोटात काय चाललंय याची चौकशी करणं त्याला परक्याच्या घरात डोकावल्यासारखं वाटायचं.

थोरलीचा नवरा दूध संकलन केंद्रावर होता. पहाटे लोक आणून देतील ते दूध मोजायचं, तपासायचं, टाकीत ओतायचं. पाठ दुखायची म्हणून तो ट्रॅक्टरवर बसत नसे. संध्याकाळी जेवताना त्याच्या बोलण्यात दुधाशिवाय विषय नसायचा. कुणाचं पातळ, कुणाचं घट्ट, कुणाच्या म्हशीनं काल अचानक जास्त दूध दिलं. "म्हैस एका दिवसात दूध वाढवत नाही," तो घास गिळत म्हणायचा. "वाढवतो तो नळ." थोरली वाढता वाढता ऐकायची. ऐकलेलं वाया घालवणं तिच्या स्वभावात नव्हतं.

इंजिनाचं तेल बदलायचा त्या घराचा नियम सासऱ्यांनी घालून दिला होता. वर्षातून एकदा, नांगरट संपली की. मिस्त्री यायचा, शेडमध्ये ट्रॅक्टरखाली कपडे भिजवायचा जुना पत्र्याचा टब सरकवायचा, खालचं बूच काढायचा. काळं तेल टबात उतरायचं. ते डब्यात भरून ठेवायचे आणि फाटकाच्या बिजागऱ्यांपासून कुंपणाच्या खांबांपर्यंत वर्षभर पुरायचं. मग नवं तेल, नवा फिल्टर, मिस्त्रीला चहा. झालं वर्षाचं तेल.

पण ट्रॅक्टर घरच्याच शेतात फिरायचा तेव्हाचा तो नियम. आता धाकटा दुसऱ्यांची भाड्याची कामं घ्यायला लागला होता. गाडी सूर्य उगवताना जायची, मावळताना यायची. डिझेलचे कॅन पूर्वी महिनाभर चालायचे, ते आता आठवड्यात रिकामे होऊन खिडकीखाली खडखडायचे. थोरली ते बघत होती. वर्ष तेवढंच होतं, काम मात्र चौपट झालं होतं.

म्हणून एका वर्षी मिस्त्री तेल बदलून गेल्यावर चार दिवसांनी तिनं सहज इंजिनातली पट्टी ओढून बघितली. तेल किती आहे हे दाखवणारी ती लांब लोखंडी पट्टी, तिच्यावर दोन खुणा: खालच्या खुणेच्या खाली तेल गेलं तर वाईट, वरच्या खुणेपर्यंत असलं तर ठीक. तेल बरोबर वरच्या खुणेवर होतं. पण काळं! काजळासारखं. चार दिवसांपूर्वी तिनं स्वतः डब्यातलं मधासारखं तेल बघितलं होतं.

तिचं डोकं फिरलं. तशीच हातात पट्टी घेऊन ती रस्त्यावर आली, आणि मिस्त्री नेमका चौकातल्या दुकानासमोर चहा पीत उभा.

"मिस्त्री, नव्या तेलाचे पैसे घेतले आणि जुनंच परत घातलं ना?"

दुकानासमोरच्या बाकावरची माणसं वळली. मिस्त्रीनं चहाचा कप खाली ठेवला. तो भांडला असता तर बरं झालं असतं. तो हसला.

"वहिनी, काळं झालं म्हणून ओरडताय होय? डिझेलचं इंजिन आहे. आतली काजळी धुऊन स्वतःत धरून ठेवणं हेच तेलाचं काम. दोन दिवसांत काळं झालं नाही तर मी काळजी करतो. आता असं बघा, तुम्ही फरशी पुसलीत आणि फडकं पांढरंच राहिलं, तर फडकं चांगलं की पुसणं वाईट?"

बाकावर हशा पिकला. नव्या चकचकीत ट्रॅक्टरचा मालक होता तिथे, पलीकडच्या गल्लीतला, मिशीवाला. तो तर गुडघ्यावर हात मारून हसला. "फडकं पांढरं पाहिजे हो वहिनींना!" त्या दिवसापासून तिला नाव पडलं, काळं तेल. ती रस्त्यानं जायला लागली की कुणीतरी खाकरून म्हणायचं, "आलं, आलं, काळं तेल आलं." घरी जाऊबाई कढईत जळकं काही दिसलं की हाक मारायची, "ताई, बदलायचं का?"

दुसऱ्या कुणी कानाला खडा लावला असता. थोरलीनं तीन दिवस तोंड मिटून काम केलं आणि चौथ्या दिवशी मिस्त्रीच्या गॅरेजवर गेली. त्याच्यासमोर उलट्या ठेवलेल्या डब्यावर बसली.

"चुकले मी. चारचौघांत बोलले, ते फार चुकलं. आता हे सांगा, काळेपणावरून कळत नाही तर तेल बिघडलं हे कळतं कशावरून?"

मिस्त्रीला त्याच्या उभ्या आयुष्यात असं कुणी विचारलं नव्हतं. लोक यायचे ते बंद पडलेली गाडी घेऊन आणि घाईत. त्यानं हात पुसले आणि सांगायला लागला. तेल बदलायचं ते कॅलेंडर बघून नाही, इंजिन किती तास चाललं ते बघून. तुमच्या गाडीला अडीचशे तास धरा. धुळीत, ओझ्यात सतत चालणार असेल तर त्याआधीच. मीटर बंद असेल तर डिझेलवरून हिशेब लावा, ते खोटं बोलत नाही. पट्टी रोज सकाळी बघा, गाडी सपाट जागी आणि थंड असताना. आणि नुसतं बघू नका, बोटावर घेऊन चोळा, वास घ्या. "तेल अंगठ्याला धरून राहिलं पाहिजे. बोटं एकमेकांवरून घसरली पाहिजेत पण एकमेकांना लागली नाही पाहिजेत. आत लोखंडाचं तेच चाललेलं असतं."

तेव्हापासून रोज सकाळी चहाचं आधण ठेवलं की थोरली शेडमध्ये जायची, पट्टी ओढायची, चोळायची, हुंगायची, पुसून परत घालायची. अगदी डोळ्यांत तेल घालून, असं तिचा नवरा म्हणायचा आणि स्वतःच हसायचा. धाकटा म्हणायचा, "वहिनी, एक दिवस गाडी शिंकेल तुमच्या अंगावर." तिनं दोनदा सांगून बघितलं, वर्षाची वाट न बघता तेल आधी बदलू या. सासरे म्हणाले, "नांगरट संपली की." विषय संपला. काळ्या तेलाच्या प्रकरणानंतर तिच्या शब्दाला घरात वजन उरलं नव्हतं, हे तिलाही ठाऊक होतं.

आणि मग त्या हंगामात मोठं काम आलं.

कालव्यापलीकडे एक मोठी शेती होती, नजर पोहोचणार नाही अशी. तिथले व्यवस्थापक नवे होते आणि त्यांनी पूर्ण नांगरट धाकट्याला दिली. अट एकच: काम थांबता कामा नये. ठरल्या मुदतीत झालं तर इथून पुढे दर हंगामाचं काम याच घराचं. नाही झालं तर मिशीवाला तयारच होता, त्याचा नवा ट्रॅक्टर अंगणात धुऊन उभा. घरात सगळ्यांचे चेहरे उजळले. जाऊबाईनं चादरी विकत घ्यायचं मनात ठरवून टाकलं. सासरे खुर्चीत ताठ बसायला लागले.

पहिला आठवडा जोरात गेला. धाकटा रात्री येऊन जेवायला बसला की फुशारक्या मारायचा. "माझ्या गाडीसारखी गाडी नाही. त्या मिशीवाल्याची नवी असून तेल पिते. माझ्या गाडीचं तेल कमीच होत नाही! कालच पट्टी बघितली, उलट वरच्या खुणेच्याही वर."

थोरलीचा वाढणारा हात थांबला.

"वर म्हणजे?"

"वर म्हणजे वर. वाढलंय. आमची गाडी तेल खात नाही वहिनी, तेल देते!"

"तुम्ही घातलंत का?"

"मी कशाला घालू? घालायची वेळच येत नाही ना."

"मामंजी, तुम्ही?"

सासऱ्यांनी मान हलवली. "देवाची कृपा आहे गाडीवर," ते म्हणाले. सासूबाईंनीही होकार दिला. न आटणारं भांडं घरात असणं कुणाला नको असतं?

थोरलीनं नवऱ्याकडे बघितलं. तो भात कालवत होता. "एका दिवसात दूध वाढलं तर तुम्ही काय म्हणता?" तिनं विचारलं.

"कुठेतरी पाणी मुरतंय म्हणतो," तो म्हणाला, आणि मग त्याचाही हात थांबला.

गेले काही दिवस पट्टीवर तेल खुणेपेक्षा किंचित वर दिसायचं. तिला वाटायचं, गाडी तिरकी उभी असेल; वासही ट्रॅक्टरचाच वाटायचा. सकाळी उठल्या उठल्या ती शेडमध्ये गेली. पट्टी ओढली. तेल वरच्या खुणेच्या बोटभर वर. अंगठ्यावर घेतलं. धरून राहिलं नाही, मनगटाकडे पळालं. हुंगलं, आणि तिच्या नाकात खिडकीखालच्या कॅनचा वास भरला. डिझेल.

"भाऊजी, आज गाडी काढू नका. इंजिनाच्या तेलात डिझेल उतरतंय."

धाकटा बूट घालत होता. "ट्रॅक्टरला डिझेलचा वास येणारच. काय अत्तराचा येईल?"

"तेल पातळ झालंय, पाण्यासारखं. खुणेच्या वर गेलंय."

"गाडी उतारावर उभी आहे म्हणून वर दिसतं."

"म्हणजे अंगण वाकडं?"

जाऊबाई दारातून हसली. धाकट्याला मात्र हसू आलं नाही. "वहिनी, आजचा दिवस थांबलो तर काम गेलं. मिशीवाला रोज फाट्यावर उभा राहून माझ्या फेऱ्या मोजतो. मागे मिस्त्रीसमोर केलंत तेवढं पुरे. परत तसलं काही नको, हात जोडतो."

सासऱ्यांनी उशाजवळच्या खिळ्यावरची किल्ली काढून धाकट्याच्या हातात दिली. ती त्या घरातली शेवटची सही असायची. चमचे थरथरले, गाडी गेली. थोरली खिडकीत उभी राहून ऐकत होती. आवाज भरलेला होता, पण खालचा सूर सैल होता, ढिल्या दोरीसारखा.

ती मिस्त्रीकडे धावली. गॅरेजला कुलूप. शेजारचा पंक्चरवाला म्हणाला, दूरच्या कामावर गेलाय, दुपारी येईल. तिनं निरोप ठेवला आणि घरी आली. चूल, भांडी, कपडे, सगळं केलं. पण हात कामात आणि जीव कालव्यापलीकडे. पातळ तेलावर, भर ओझ्यात, भर उन्हात इंजिन फिरतंय. लोखंड लोखंडाला लागलं की एका क्षणात जाम. मग काम गेलंच, गाडीही गेली. आणि आपण बोललो, कुणी ऐकलं नाही, असं म्हणत बसायचं? बरोबर असण्याचा तेवढाच उपयोग असेल तर ती चूक असलेलीच बरी.

आणि चूक असेन तर? हाही विचार आलाच. मागच्या वेळीही तिला पक्की खात्री होती. या वेळी चुकली तर कालव्यापलीकडचं काम तिच्या हातून गेलं असतं, आणि काळं तेल हे नाव मग तिच्या पोरांनाही चिकटलं असतं.

दुपारी धाकटा जेवायला घरी आला. शेत जवळ म्हणून रोज यायचा, गाडी शेडमध्ये लावायचा, हात-पाय धुऊन पाटावर बसायचा. त्या दिवशीही बसला. थोरलीनं त्याचं ताट वाढलं, वर दुसऱ्यांदा वाढलं आणि जाऊबाईला म्हणाली, "तू बघ जरा. मी आलेच."

शेडमध्ये गाडी तापलेली होती. भिंतीजवळ तो जुना टब उपडा होता. थोरलीनं तो सुलटा केला आणि तिची नजर आतल्या कडेवर गेली. दर वर्षीचं तेल त्याच टबात उतरायचं आणि दर वर्षी त्याच उंचीवर थांबायचं. वर्षानुवर्षांच्या तेलानं पत्र्यावर, काठाच्या जरा खाली, काळं कडं उमटलं होतं, साबणानं कितीही घासलं तरी न जाणारं. जाऊबाई त्या टबाला शिव्या द्यायची. थोरली त्या कड्याकडे बघत राहिली. मग तिनं टब गाडीखाली सरकवला, भिंतीवरचा पाना घेतला आणि जमिनीवर आडवी झाली.

बूच तिनं कधी काढलं नव्हतं, काढताना बघितलं होतं. पाना दोनदा घसरला. तिसऱ्यांदा तिनं पाय चाकाला टेकवून जोर लावला आणि बूच हललं. बोटांनी फिरवताना गरम तेलाची पहिली चिळकांडी अंगठ्यावर आली. चटका सणकून बसला, पण तिनं बूच सोडलं नाही. मग धार सुटली.

एरवी तेल जाडसर, वळत, लडीलडीनं उतरतं. हे सरळ पडत होतं, नळासारखं, टबाच्या पत्र्यावर आवाज करत. थोरली कोपरावर टेकून कड्याकडे बघत होती. तेल चढत होतं. कड्याच्या खाली. अजून खाली. इथेच थांबलं तर ती संपली होती.

थांबलं नाही. कड्याला टेकलं, आणि कडं बुडालं. तरी धार चालूच. तेल टबाच्या काठाशी यायला लागलं तशी ती ओरडली, "अहो, दुधाचा कॅन आणा! रिकामा, लवकर!"

नवरा नुकताच केंद्रावरून आला होता. तो कॅन घेऊन धावला, त्याच्यामागे आचवलेला हात झटकत धाकटा, त्याच्यामागे जाऊबाई. धाकट्यानं बघितलं आणि त्याचा चेहरा पांढरा पडला.

"वहिनी! काय केलंत हे? माझं काम... तेल काढलंत? सगळं?"

"सगळं. आता भांडा. निवांत भांडा, गाडी कुठे जात नाही."

"बाबा! बघा, बघा तुमच्या सुनेनं काय केलंय!"

सासरे काठी टेकत आले. सासूबाई दारात थांबल्या. थोरली गाडीखालून बाहेर आली, केसांत माती, अंगठा तोंडात. तो काढून तिनं टबाकडे बोट केलं.

"मामंजी, दर वर्षी तेल कुठपर्यंत येतं?"

सासरे वाकले. "त्या कड्यापर्यंत."

"कडं दिसतंय?"

काठापर्यंत भरलेला टब आणि वर कॅनमध्ये पडलेलं वेगळं. कुणी न घातलेलं एवढं तेल आलं कुठून, हा प्रश्न शेडमध्ये कुणी न विचारताच उभा राहिला. थोरलीनं वाळत घातलेल्या जुन्या चादरीचा कोपरा ओढून घेतला. शेडमधल्या कपाटावर शिल्लक ठेवलेल्या नव्या तेलाचा एक थेंब त्यावर सोडला. तो गोल, जाड, जागच्या जागी बसला. शेजारी टबातला एक थेंब सोडला. तो पसरत गेला, मधे काळा ठिपका आणि भोवती पिवळट ओलं वर्तुळ, वाढतंच चाललेलं. सासऱ्यांनी चादर नाकाशी नेली.

"डिझेल," ते म्हणाले. घरातल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले.

धाकट्यानं टबात बोट बुडवलं, चोळलं, हुंगलं. मग तो चाकाला टेकून उभा राहिला. "मी यावर सकाळपासून चालवतोय," तो हळूच बोलला. "दुपारनंतर त्या चढाच्या पट्ट्यात जाणार होतो."

तेवढ्यात निरोप मिळालेला मिस्त्री सायकलवरून आला. टब बघितला आणि एक लांब शीळ घातली. कुणाला काही न विचारता त्यानं इंजिनाच्या बाजूचा छोटा पंप सोडवला, जो टाकीतलं डिझेल पुढे ढकलतो. त्याच्या पोटातला रबरी पडदा फाटला होता, जुन्या चपलेच्या अंगठ्यासारखा. तिथून डिझेल थेट इंजिनाच्या तेलात उतरत होतं.

"कोणी काढलं तेल?" त्यानं विचारलं.

सगळ्यांनी थोरलीकडे बघितलं. मिस्त्रीनं मान डोलवली.

"आणखी अर्धा दिवस चालवली असती तर मी पाने आणले नसते, क्रेन आणली असती. शिवाय हे तेल तसंही केव्हाच मेलेलं होतं. वर्ष झालं नसेल, पण तास दुप्पट झालेत." मग तो धाकट्याकडे वळला. "तुला आनंद झाला होता ना तेल वाढलं म्हणून? पोट सुटलं म्हणजे तब्येत सुधारली असं नसतं बाबा."

पहिली हसली ती जाऊबाई. मग सासूबाई. मग धाकटाही, डोळे पुसत. जाऊबाईनं थोरलीचा हात ओढून थंड पाण्याच्या भांड्यात बुडवला आणि तो धरून ठेवला. "बदलायचं का म्हणून चिडवायचे मी तुम्हाला," ती पुटपुटली. "आता तुम्ही चिडवा."

"चिडवेन की. आधी तुझ्या चादरीचा कोपरा गेला तो बघ."

नवा पडदा, नवा फिल्टर, नवं तेल. मिस्त्रीनं काम उरकलं तेव्हा उन्हं कलायला लागली होती. धाकट्यानं सवयीनं वडिलांकडे हात पुढे केला. सासऱ्यांनी मघाशी गाडीतून काढून ठेवलेली किल्ली खिशातून काढली, क्षणभर तळव्यावर तोलली आणि थोरलीपुढे धरली.

"बघून दे," ते म्हणाले.

तिनं चटका बसलेला अंगठा वर धरून पट्टी ओढली, पुसली, परत घालून परत ओढली. मधासारखं तेल, नेमकं खुणेवर. अंगठ्याऐवजी या वेळी करंगळीवर घेऊन चोळलं. मग किल्ली धाकट्याच्या हातात दिली. चमचे थरथरले, आणि खालचा सूर दोरी ताणल्यासारखा घट्ट झाला. स्वयंपाकघरात कुणी नव्हतं, तो सूर तिनं या वेळी अंगणातूनच ऐकला.

फाट्यावर मिशीवाला उभा होताच. अर्धा दिवस गाडी दिसली नाही म्हणून तो व्यवस्थापकांशी बोलायला निघाला होता, असं नंतर कळलं. त्याच्या नाकासमोरून धाकटा हॉर्न वाजवत गेला. त्या दिवशी दिवे लावून चढाचा पट्टा संपवला आणि बुडालेली दुपार तीन दिवसांत भरून काढली. काम मुदतीच्या आत झालं. व्यवस्थापकांनी पुढच्या हंगामाचं तोंडी पक्कं केलं आणि वर विचारलं, "तुमची गाडी जुनी आहे, पण दमत नाही. कोण बघतं?"

"माझ्या वहिनी," धाकटा म्हणाला. "रोज नाडी बघतात."

शेवटचा पट्टा उरकून तो घरी आला तो चौकातून. दुकानासमोर गाडी थांबवली. थोरली भाजी घेऊन निघाली होती. "वहिनी, या वर. बसा." बाकावरच्या सगळ्यांदेखत त्यानं खाली उतरून तिला हात दिला आणि आपण चिखलाच्या पायांनी बाजूच्या मडगार्डवर बसला. "चालवा. मी आहे." तिनं शेताच्या वाटेवर गाडी चालवली होती, चौकातून कधी नाही. क्लच सोडताना पिशवीतले कांदे घरंगळले, ते कुणीतरी धावत उचलून दिले. गाडीनं एक उसळी घेतली आणि शहाण्यासारखी चालायला लागली. बाकावरून कुणीतरी हाक मारली, "काळं तेल!" पण ती हाक आता वेगळीच वाटली. मॅच जिंकून आलेल्याला घालतात तशी. थोरलीनं हॉर्न वाजवला. लांबच लांब.

तास मोजायचं मीटर तिनं त्याच महिन्यात दुरुस्त करून घेतलं. आकडा हलला तेव्हा सासरे म्हणाले, "चला, आमची गाडी म्हातारी व्हायला लागली एकदाची." नांगरट संपली की, हा नियम कुणी मोडला असं नाही. तो फक्त त्या घरातून निघून गेला, पाहुणा उठून जावा तसा. आता तेल कधी बदलायचं हे थोरली सांगते आणि बदललं जातं. किल्ली अजून सासऱ्यांच्या उशाशीच असते, पण सकाळी ती आधी स्वयंपाकघरात येते.

या गोष्टीला बरीच वर्षं झाली. मिस्त्री थकला, गॅरेज त्याच्या जावयानं घेतलं. आणि अजूनही चहाचं आधण उकळत असतं तेव्हा मागच्या दारावर टकटक होते. परवा आला तो मिशीवाला. मिशा पांढऱ्या झाल्यात आता. हातात फडक्यात गुंडाळलेली आपल्या ट्रॅक्टरची पट्टी, पोराला डॉक्टरकडे आणावं तशी जपून धरलेली.

"वहिनी, जरा बघता का? काळं झालंय म्हणून नाही हो आलो," तो घाईघाईनं म्हणाला. "तेवढं कळतं आता."

थोरलीनं गॅस बारीक केला, हात पुसला आणि अंगठा पुढे केला. त्यावर जुन्या चटक्याचा गुळगुळीत डाग आहे. तेल तिथे जास्त नीट कळतं, असं ती म्हणते.

"काळं नाही," ती म्हणाली. "हे सांगा. कमी झालंय, की वाढलंय?"